बाबांचा पंडरीपर्यंतचा रस्ता

तुमच्या गल्लीतला एखादा माणूस गेल्या वर्षभरात दिसेनासा झाला आहे का? वारलेला नाही, गाव सोडून गेलेला नाही, घरातच आहे. पण ओट्यावर नाही, पानठेल्यावर नाही, भाजीच्या गाडीजवळ नाही. विचारलं की घरचे म्हणतात, आता त्यांचं डोकं चालत नाही. तुम्ही मान हलवता आणि पुढे जाता. त्या माणसाला घरात बसवण्यात तुमचा हात किती, हे कधी स्वतःला विचारलं आहे?

माझ्या वडिलांच्या बाबतीत मी विचारलं. माझा हात बराच होता. म्हणून हे लिहिते आहे.

बाबा आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या पंडरी भागात, कापड बाजारातल्या एका ठोक दुकानात चौतीस वर्षं सेल्समन होते. आमचं घर गुढियारीत. सकाळी साडेनऊला चपला घालायच्या, रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे जायचं आणि दुकानाची गद्दी गाठायची. गद्दी म्हणजे पांढरी चादर अंथरलेली बैठक. तिच्यावर कापडाचं थान सर्रकन उलगडून गिऱ्हाइकाला दाखवतात. दुकान शेठचं होतं, पण गद्दीवरच्या माणसानं किती तास बसायचं, जेवायला कधी उठायचं, आठवड्यातून एक दिवस घरी राहायचं की नाही, यासाठी बाबा भांडले. बाजारातल्या नोकरांची संघटना त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी उभी केली. रविवारी पूर्ण बाजार बंद राहावा म्हणून त्यांनी जे परचे वाटले, त्यांच्यातच मी वाढले. पत्रकाला आमच्याकडे परचाच म्हणतात. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं परच्यांची होती, आईच्या डब्यांच्या फळीवर परचे अंथरलेले असत, आणि रांगोळीचे ठिपके मी परच्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शिकले. छापलेल्या कागदानं जग हलतं, हे मला कोणी शिकवलं नाही. ते मला माहीतच होतं.

आता मी एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. आणि बाबांना डिमेन्शिया आहे.

आधी लक्षात आलं ते दुकानात. एकच थान ते एकाच गिऱ्हाइकाला तीनदा दाखवू लागले. नंतर त्यांनी खरं बोलायला सुरुवात केली, आणि ते शेठला जास्त झोंबलं. साडीच्या अस्तराचं कापड बघणाऱ्या एका बाईला ते म्हणाले, "बहनजी, ये मत लीजिए. पहली धुलाई में चार अंगुल सिकुड़ेगा." बाई हसल्या आणि शेजारच्या दुकानात गेल्या. त्याच आठवड्यात शेठच्या मुलानं, आता तोच दुकान बघतो, बाबांना हात जोडले. "काका, अब आराम कीजिए."

बाबांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला चपला घातल्या.

रोज जायचे. कधी दुकानापर्यंत पोचायचे, कधी दुसऱ्याच दुकानाच्या गद्दीवर जाऊन बसायचे, कधी अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. आम्ही चालवून घेतलं. मग एक दिवस ते परत आलेच नाहीत. दुपारी फोन आला तो भनपुरीहून. सूरतहून येणाऱ्या कापडाच्या गाठी भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून सोडवून आणायचं काम बाबा तरुणपणी करत. त्या दिवशी ते माल वाहणाऱ्या एका ऑटोत बसून थेट तिथे गेले होते आणि गोदामाच्या बाबूशी भांडत होते, आमचा माल उतरवला का नाही म्हणून. मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी ट्रक मागेपुढे होत होते आणि बाबा मधोमध उभे होते, अगदी कामात असलेल्या माणसासारखे.

त्या संध्याकाळी आई कणीक मळता मळता म्हणाली, "मी उद्या फाटकाले कुलूप लावून राहिली."

"बाबांना कोंडणार?"

"त्याहीले नाही, फाटकाले."

"एकच झालं ना, आई."

"तुले एकच वाटते. तू छापखान्यात असते. फोन आला तवा मले वाटलं, ट्रकखाली गेले. अन् भाषण नको देऊ मले. तुह्या बापाची भाषणं मी तीस वर्षं ऐकली."

माझ्याकडे भाषण तयार होतं. मी ते गिळलं. तिचं भय खरं होतं आणि दिवसभर बाबांच्या मागे तीच धावत होती. पण माणसाला फाटकाच्या आत ठेवायचं, आणि तेही ज्यानं बाजारभरच्या माणसांना आठवड्यातला एक दिवस मोकळा करून दिला त्याला, हे मला मान्य नव्हतं. मी एक महिना मागितला.

"महिना कशाले? पंधरा दिवस. मंग मी कोणाचंच ऐकनार नाही."

पंधरा दिवसांत बाबांचा रस्ता बिनधोक करायचा होता. मी काय केलं असेल? ज्या घरात मी वाढले त्या घरातली कोणीही पोट्टी जे करेल तेच. परचा छापला.

वर मोठ्या अक्षरांत 'इन्हें पहचानिए'. मधे बाबांचा फोटो. खाली हिंदीतून, यांची याददाश्त गेली आहे, कुठे एकटे दिसले तर लगेच या नंबरवर कळवा. पिवळा कागद, लांबून दिसावा म्हणून. पहाटे उठून, लई म्हणजे कणकेची खळ लावून, मी गुढियारीपासून पंडरीपर्यंत खांबाखांबाला तो डकवला. चिकटवताना हात आनंदानं चालत होते. काम कसं पक्कं झालं होतं!

पक्कं झालंच. पहिल्या दिवशी बाबा पुलापर्यंतही पोचले नाहीत. फळवाल्यानं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं आणि घरी पाठवलं. ते पुन्हा निघाले, पुन्हा कोणीतरी आणून सोडलं. माझा फोन दिवसभर वाजत होता: "आपका आदमी इधर घूम रहा है." घूम रहा है! त्याच रस्त्यानं ते चौतीस वर्षं कामाला जात होते. चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना ग्लास दिला नाही. घरचे आले की प्या म्हणाला. शिवणकाम करणारी एक बाई रोज त्यांना नमस्कार करायची, तिनं मान खाली घातली. चारपाच दिवसांतच बाबा उंबऱ्यापाशी चपला घालून बसू लागले आणि तिथूनच चपला काढून आत जाऊ लागले. आईनं अजून कुलूप आणलं नव्हतं. ते काम मी करून टाकलं होतं.

त्याच दिवसांतल्या एका संध्याकाळी मी त्यांना पुलाजवळून आणत असताना ते खांबापाशी थांबले. खिशातून चष्मा काढला. परचा दिसला की वाचायचा, ही त्यांची जन्माची खोड.

"हा कोन आहे?"

मी त्यांना पुढे ओढू पाहिलं.

"फोटो जुना दिसते." त्यांनी पूर्ण वाचलं, ओठ हलवत. "कोनं छापला?"

"असेल कोणीतरी."

"ज्याचा आहे त्याले इचारलं काय? पाह्य, या मानसाचं यात एक वाक्य नाही. सगळे त्याच्याबद्दल बोलून राहिले. हा परचा नाही होय. मालकाची नोटीस अशी असते."

त्यांनी स्वतःला ओळखलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी विचारलंही नाही. त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "फाड."

मी नखांनी ओरबाडायला लागले. "अव, सुका नको ओढू. पानी मार आधी, भिजू दे." माझ्या बाटलीतलं पाणी त्यांनी कागदावर शिंपडलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि एका कोपऱ्यातून अख्खा कागद सालीसारखा उतरवला. चेहरा उजळला होता. "पोलीस येते काय, पाह्यत राह्य," ते म्हणाले आणि हसले. आम्ही त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे मिळून सगळे खांब साफ केले. इतके चांगले दिवस त्यांचे बऱ्याच महिन्यांत गेले नव्हते.

सकाळच्या चहाला बाबांचं डोकं सगळ्यात स्वच्छ असतं. तिसऱ्या दिवशी मी त्या वेळी सरळ विचारलं. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

"बाबा, तुम्ही आजकाल विसरता. रस्त्यावरच्या लोकांना सांगायचं का?"

त्यांनी टोस चहात बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत वाट पाहिली. "सांगाच लागते. मालूम नसन त लोकं मदत कशी करतीन? पन माह्या पाठीमागं नको. मले संग घे."

मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं निघालो. हातात एकही कागद नव्हता. मला नागडं वाटत होतं.

पहिली टपरी चहावाल्याची. तो आम्हाला बघून चुलीकडे वळला. बाबा थेट त्याच्यासमोर गेले. "भैया, एक बात है. मैं आजकल भूलने लगा हूँ. उलटी तरफ जाता दिखूँ तो टोक देना."

चहावाला ओशाळला. "काका, हम तो पोस्टर देखके डर गए थे. लगा, कुछ हो गया तो हमारे माथे आएगा."

"क्या होगा? चाय पिला. चाय पीना नहीं भूला हूँ अभी."

तो खोऽ खोऽ हसला. ग्लास आला. त्याच्याकडे बसलेला सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, परसों मैंने पूछा, पहचाना क्या, तो आप चिढ़ गए."

"तो परीक्षा काहे लेता है? अपना नाम बता दिया कर."

त्या फेरीत मी दोन गोष्टी शिकले, ज्या कुठल्या परच्यात घालायचं मला सुचलं नसतं. ओळखलं का, असं विचारायचं नाही, आपणच आपलं नाव सांगायचं. आणि 'घरी जा' म्हणायचं नाही. म्हणायचं, चला काका, मीही तिकडेच निघालोय. दुसरी गोष्ट शिवणकामवाल्या बाईंनी सुचवली. त्यांच्या सासऱ्यांना हेच झालं होतं. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी आपणहून सांगितल्यावर त्या बोलल्या. बाबांचं एक वाक्य ऐकून रस्ताभर असे लोक निघाले. कोणाची आई, कोणाचा मोठा भाऊ. सगळे घरात.

शेवटी दुकान. शेठचा मुलगा सभ्यपणे अडला. "दीदी, दुकान है ये. काका ग्राहक के सामने माल की बुराई करेंगे तो मैं क्या करूँगा?"

त्याचं चूक नव्हतं. उत्तर दिलं ते गद्दीवरच्या ज्येष्ठ सेल्समननं, ज्याला बाबांनी या कामाला लावलं होतं. त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. सकाळपासून उघडलेली थानं तिथे ढीग होऊन पडली होती. दुपारपर्यंत ती पुन्हा घडी करून फळीवर चढवावी लागतात, आणि थानाची घडी एकट्याला होत नाही. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं मोडत जायचं. "वहाँ ग्राहक नहीं आता, भैया. काका को वहाँ बैठने दो."

मी लगेच उसळले. "म्हणजे फुकट मजुरी? त्यांच्याकडून?"

"दीदी, काका से ही पूछ लो ना."

विचारायला वळले तर बाबा चपला काढून ढिगापाशी बसलेही होते. एका थानाचं टोक त्यांनी सेल्समनकडे सरकवलं. "पकड़. कोना सीधा रख. सिखाया था कि नहीं?"

मजुरीचा तो प्रश्न माझ्या मनात अजून सुटलेला नाही. रोज तासभर बसायचं, हवं तेव्हा उठायचं आणि कोणी घाई करायची नाही, एवढं मी शेठच्या मुलाकडून कबूल करून घेतलं. यापेक्षा बरं उत्तर कोणाकडे असेल तर मला ऐकायचं आहे.

पाचसहा दिवस गाडं सुरळीत चाललं. माझा फोन वाजेना. बाबा जेवायला घरी येत, हाताला नव्या कापडाचा वास असे. आई दिवस मोजत होती. चौदाव्या दिवशी रविवार आला.

रविवारी बाजार बंद असतो. हे ज्या घरानं मिळवलं, त्याच घराच्या ध्यानात राहिलं नाही. मी सगळा रस्ता दुकानांच्या भरवशावर बांधला होता, आणि त्या दिवशी दुकानं बंद होती. आधीच्या रविवारी मी घरी होते, बाबांना बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं. या रविवारी छापखान्यात तातडीचं काम निघालं. आई शेजारी लोणच्याच्या फोडी करू लागायला गेली. बाबांनी साडेनऊला चपला घातल्या.

आईनं मला फोन करून बाबा घरात नाहीत एवढंच सांगितलं. मी निघाले, पण ती थांबली नाही. हातातली विळी तशीच टाकून ती एकटीच त्या रस्त्यानं निघाली. तीस वर्षांत ती या रस्त्यावर बाबांबरोबर फक्त दिवाळीच्या कापडासाठी आली होती.

पुलाजवळची चहाची टपरी उघडी होती. चहावाला तिला म्हणाला, "काकी, काका पौने दस को निकले. सफेद कमीज. मैंने नाम बताया, राम राम किया, आगे गए." सायकलवाला दुकान बंद ठेवून दारातच दाढी करत होता. "पंडरी की तरफ ही गए हैं, बराबर जा रहे थे." शिवणकामवाल्या बाई खिडकीतून ओरडल्या, मग खाली उतरून आईबरोबर चालू लागल्या. आईनं मला हे नंतर सांगितलं, आणि सांगताना तिला सर्वांत जास्त नवल याचं वाटत होतं, की ज्यांची तोंडंही तिनं पाहिली नव्हती ते तिला काकी म्हणत होते.

मी पोचले तेव्हा बाजारातली सगळी शटर खाली होती. आई आणि त्या बाई बाजाराच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत, चौकीदाराच्या एकुलत्या एका खुर्चीवर बाबा बसले होते. चौकीदार स्वतः खाली पोत्यावर होता. दोघांच्या मधे कागदावर मुर्रा, म्हणजे मुरमुरे, होता. बाबा त्याला रविवारच्या बंदची गोष्ट सांगत होते, आणि तो ती बहुधा पहिल्यांदा ऐकत नव्हता.

आई त्याच्यावर चढलीच. "आम्हाले फोन काहून नाही केला? बताया क्यों नहीं?"

"मुझे कौन बताया था, अम्मा, कि फोन करना है?" तो शांतपणे म्हणाला. "सब दुकान में जाके बात किए. मेरे पास कोई नहीं आया. काका को मैं जानता हूँ. जब से चौकी पर हूँ, रोज सलाम करते हैं. बाजार बंद देखके घबरा गए थे, तो मैंने कहा, बैठो, साथ में पहरा देते हैं."

त्याचं बरोबर होतं. दुकानदार, ठेलेवाले, सेल्समन, सगळ्यांकडे मी गेले होते. फाटकावरच्या माणसाला ओलांडून गेले होते, दोन्ही वेळा. परच्याच्या वेळीही आणि नंतरही. बाबा मात्र इतकी वर्षं त्याला ओलांडून गेले नव्हते. मी पंधरा दिवसांत जे बांधायला निघाले होते, त्याचा अर्धा भाग त्यांनी रोजच्या सलामांनी आधीच बांधून ठेवला होता.

बाबांनी आईला पाहिलं आणि मुर्र्याचा कागद पुढे केला. "तू बी आली? बस नं."

आई बसली. तिथेच, फरशीवर. घाम पुसला आणि मुर्रा खाल्ला. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी मी येत जाईन त्याहीच्यासंग. बाकीचे दिवस आहेत तुहे लोकं." पंधरावा दिवस आला आणि गेला. तो कोणता होता हे मला कॅलेंडर बघून काढावं लागलं.

हा आजार मागे फिरत नाही, हे मला माहीत आहे. एक दिवस बाबांना चपला घालायचंही सुचणार नाही. पण रस्ता राहील. शिवणकामवाल्या बाई आता त्यांच्या सासऱ्यांना संध्याकाळी टपरीवर आणतात; ते कोणाशी बोलत नाहीत, नुसते रहदारी बघतात, आणि त्यांना हलवायची घाई कोणी करत नाही. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एक निवृत्त मास्तरीणबाई भाजी आणायला पुन्हा एकट्या जातात. भाजीवाली आधी आपलं नाव सांगते, मग वांगी दाखवते. यासाठी कुठलं केंद्र उघडावं लागलं नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. फक्त लोकांनी लोकांना सांगितलं, आणि ज्याच्याबद्दल सांगायचं त्याला सोबत नेलं.

म्हणून मागणं एवढंच आहे. उद्या तुमच्या रोजच्या रस्त्यावर, ज्याच्यासमोरून तुम्ही न बोलता जाता त्या माणसापाशी थांबा. चौकीदार असेल, झाडूवाली असेल, पंक्चरवाला असेल. त्याला विचारा, इथून रोज जाणारं कोण आजकाल गोंधळतं? त्याला ते माहीत असतं. मग त्या गोंधळलेल्या माणसासमोर जा. त्याच्या मुलाशी नाही, सुनेशी नाही, आधी त्याच्याशी बोला. तुमचं नाव सांगा. आणि तो जिकडे निघाला असेल, तिकडे चार पावलं त्याच्याबरोबर चाला.